लिफ्टमधली अंतराळवीर

अंतराळवीर होण्याआधी तन्वी समुद्रशास्त्रज्ञ होती. ग्वाल्हेरची मुलगी गोव्याला जाऊन समुद्राचं पाणी तपासते, याचंच घरच्या कंपू मोहल्ल्यातल्या नातेवाइकांना नवल वाटे. एकदा खोल समुद्रात उतरलेली तिची पाणबुडी तळाशी तुटक्या केबलमध्ये अडकली. चालक राघव रडकुंडीला आला, तेव्हा तन्वीने त्याला बोलतं ठेवलं आणि दोघं सुखरूप वर आले. हाच शांतपणा पाहून तिची अंतराळवीर म्हणून निवड झाली.

भीती आली ती नंतर, प्रशिक्षणात. यानाचं झाकण बंद झालं की छाती आवळायची. डॉक्टरांनी विचारलं, की ती हसून वेळ मारून न्यायची.

उड्डाण जवळ आलं तेव्हा ती ग्वाल्हेरला घरी आली. नया बाजारात सत्कार ठरला, सभागृह चौथ्या मजल्यावर. तन्वी जिन्याकडे वळली, पण आईचे गुडघे दुखत होते. दोघी लिफ्टमध्ये शिरल्या आणि मधेच लाइट गेली.

"मॅडम, घबराइए मत! जनरेटर चालू कर रहे हैं!" खालून कुणीतरी ओरडलं.

आई, शामलाबाई, हसल्या. "समुद्राच्या तळाशी राहून आलेली माझी पोर, ती काय घाबरणार!"

त्यांनी मोबाइलचा उजेड केला. तन्वी कोपऱ्यात बसून दारावर तळवे आपटत होती. अंग घामाने भिजलेलं.

"आई, दार उघड. मला बाहेर काढ."

शामलाबाई कशाबशा खाली बसल्या आणि तिला जवळ घेतलं. "कधीपासून होतंय हे?"

"वर्ष होऊन गेलं."

"कुणाला बोललीस?"

"कुणाला बोलू? चौकाचौकात माझे फोटो लावलेत. आता नाही म्हटलं, तर तुम्ही लोकांना तोंड कसं दाखवाल?"

वर ढोल वाजायला लागला होता. शामलाबाईंनी पदराने तिचा घाम पुसला.

"लोकांचं आम्ही बघू," त्या म्हणाल्या. "तिथे वर तुला असं झालं, तर कोण धावून येईल गं?"

लाइट आली. दार उघडताच हार गळ्यात पडले, माणसांनी घेरलं. तन्वी हसत उभी राहिली. निघून जायला वाट नव्हती. भाषणात ती काय बोलली, ते तिला पुढे आठवेना.

दुसऱ्या दिवशी तिने मोहिमेच्या डॉक्टरांना फोन करून सगळं सांगितलं. तिच्या जागी राखीव अंतराळवीर सौरव गेला. उड्डाणाच्या वेळी तन्वी नियंत्रण कक्षातून त्याच्याशी बोलत होती. आवाज स्थिर होता. यान पडद्यावर लहान होत गेलं तेव्हा तिला हायसं वाटलं, आणि सौरवचा हेवाही.

तिच्यावर उपचार चालू आहेत. पुन्हा उडायची परवानगी मिळेल का, हे डॉक्टरांनी अजून सांगितलेलं नाही. तिनेही विचारलेलं नाही.