माझा जोडीदार हाय

प्रफुल्ल सातपूरच्या कारखान्यांत साहेबलोकांना नेतृत्व शिकवायचा, तेही टाय लावून. त्यामुळे धाकट्या संघर्षच्या लग्नाला वऱ्हाड नाशिकहून मनमाडला न्यायचं ठरलं, तेव्हा आई कलाबाईने भावकीत सांगून टाकलं, आमचा प्रफुल्ल आणतो सगळ्यांना. नवरदेव गाडीने पुढे गेला आणि बस याच्या गळ्यात पडली.

लग्न अकराचं. बौद्धाचार्यांना पुढे येवल्याला दुसरं लग्न लावायचं होतं. उशीर झाला तर ते थांबणार नव्हते. पण मंडळींना घाई असेल तर शपथ! "आपल्यात मुहूर्त नाय, मग पळायचं कशाला?" असं म्हणत धोंडाबाई आत्या वेणी घालायला बसली. आत्यापुढे भल्याभल्यांची डाळ शिजत नसे.

नेत्याने लोकांना स्वप्न दाखवावं, असा एक सिद्धांत आहे. प्रफुल्लने बसच्या दारात उभं राहून सगळ्यांना डोळे मिटून मनमाडचा मांडव बघायला सांगितलं. मामांनी जे डोळे मिटले ते पिंपळगाव येईपर्यंत उघडले नाहीत.

निर्णयात सगळ्यांना घ्यावं, असा दुसरा सिद्धांत. म्हणून बस सुटल्यावर त्याने विचारलं, चहा कुठे घ्यायचा? झालं! जितकी तोंडं तितक्या टपऱ्या. ओझर मागे पडलं तरी भांडण मिटेना.

मग त्याने तिसरा काढला, नेता म्हणजे सेवक. हा मात्र सगळ्यांना ताबडतोब पटला. कुणी पाणी मागितलं, कुणी रडकं पोर त्याच्या मांडीवर दिलं, आणि पिंपळगावला बस थांबताच आत्याने त्याला पानाचा चुना आणायला पिटाळलं. तो परत आला तेव्हा बस रिकामी आणि वऱ्हाड बाजारभर पांगलेलं. वडील गेल्यापासून संघर्षला त्यानेच वाढवलं होतं. त्याला आता काय तोंड दाखवायचं?

त्या तिरीमिरीत त्याने सगळे सिद्धांत गुंडाळले आणि मंडळींना गोळा करून जोड्या लावल्या. ज्याने त्याने आपला जोडीदार सांभाळायचा, तो बसमध्ये आला की हात वर करायचा. नणंदेला भावजय दिली, म्हणजे आत्याला कलाबाई, आणि जावेला जाऊ. एकमेकींवर नजर ठेवायचा सराव दांडगाच होता. चांदवडला डिझेलसाठी थांबले, तर काय सांगावं, सगळे झटपट परत! ड्रायव्हरने विचारलं, "जोडीदार आले का?" सगळे हात वर. बस सुटली.

प्रफुल्ल पंपामागे लघवीला गेला होता. येऊन बघतो तर बस नाही, आणि फोन बसमध्ये चार्जिंगला. नेता म्हणजे पुढे बसला असेल, असं मागच्यांना वाटलं. सेवक म्हणजे मागे असेल, असं पुढच्यांना. त्याच्यावर नजर ठेवायला जोडीदारच नव्हता. काय म्हणावं या शहाण्याला!

वऱ्हाड वेळेच्या आधी पोचलं. बौद्धाचार्य घड्याळ बघू लागले, पण संघर्ष उठून म्हणाला, "दादा आल्याशिवाय वंदना नको." उशीर होईल म्हणून येवल्याला फोन गेला.

कांद्याचा टेम्पो दारात थांबला आणि केसांत कांद्याची सालं घेऊन प्रफुल्ल उतरला. संघर्षने पुढे होऊन ती स्वतःच्या हाताने झटकली. आत्याने डोळ्यांना पदर लावला. "कांद्याचा वास लय उग्र हाय," ती म्हणाली.

परतताना कलाबाई नव्या सुनेबरोबर गाडीत बसली. प्रफुल्लने बसच्या दारात उभं राहून तेच विचारलं, "जोडीदार आले का?" आत्याने त्याला खेचून शेजारी बसवलं.

"मेल्या, समद्यांना माणूस दिला, तुला नाय ठेवला?" तिने एका हाताने त्याचं मनगट घट्ट धरलं आणि दुसरा हात वर केला. "माझा हाय. सोड गाडी."