संदेष्ट्याची बरणी

शनिवारी सकाळी फुटबॉलच्या मैदानावर इतकी गर्दी झाली की पोरं गोलपोस्टवर लटकली होती. आंब्याखाली टेबल, त्यावर काचेची बरणी, बरणीत कोऱ्या चहासारखं पाणी. मागे संदेष्टा बोनिफेस. पांढरा सूट, टोकदार बूट, हातात कर्णा.

"दवाखान्याची गोळी आणा!"

एका कोळ्याने एचआयव्हीची गोळी पुढे केली. संदेष्ट्याने ती चमच्याखाली चुरली, बरणीत टाकली, आणि पाणी काळं पडलं. शाई ओतावी तसं काळं. बायका किंचाळल्या.

"पाहिलंत? ही थडग्यातली माती आहे! रोज गिळता आणि रोज मेलेल्यांना घरी बोलावता!" मग त्याने बरणी बदलली, तसंच चहाच्या रंगाचं ताजं पाणी ओतलं, स्वतःच्या मंतरलेल्या मिठाचा खडा टाकला. पाणी तसंच राहिलं. "आणि हे देवाचं औषध! हालेलुया म्हणा!"

सगळे म्हणाले. माझा मामा सर्वांत मोठ्याने. संदेष्ट्याला गावात आणणारा तोच.

गोळ्यांच्या डब्या पोत्यात टाकायला रांग लागली. रांगेत माझी आई होती, डबी लुगड्याच्या गाठीत बांधलेली.

आईच्या गोळ्या सुरू होऊन एकोणीस दिवस झाले होते. दवाखान्यात सोबतीला कुणीतरी लागतं. मामा म्हणाला, "मला काम आहे." मग मीच गेले. सिस्टर मालेमियांनी आईला पहिली गोळी समोरच घ्यायला लावली आणि डबीत कापूस कोंबून दिला. "म्हणजे खुळखुळणार नाही, शेजारणींना कळणार नाही." पुढे त्या बरंच बोलल्या, पण आई रडत होती आणि मी समोरच्या बाकावरच्या माणसाच्या मनगटाकडे बघत होते. काडीएवढं होतं ते.

तिसऱ्या दिवसापासून बाबा यायला लागले. बाबांना याच आजाराने जाऊन सहा वर्षं झालीत. आई सकाळी चुलीपाशी सांगायची, "आज दारात उभे होते. हातात न्सिमाचा घास." दुसऱ्या दिवशी, "आज उंबऱ्याच्या आत आले." रोज एक पाऊल. आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं, स्वप्नात मेलेल्याच्या हातचं खाल्लं की माणूस गेलाच. आईने जागेपणीही आमचं रोजचं जेवण, मक्याच्या पिठाचा न्सिमा, सोडला. आणि आज सकाळी म्हणाली, "ताकोंद्वा, घास ओठाला लागला गं."

खोटं कशाला सांगू, मीही दाराकडे पाहिलं.

एनेलेस मावशीलाही अशीच स्वप्नं पडायची. मका पेरताना तिने डबी संदेष्ट्याला दिली. मका काढताना आम्ही तिला पुरलं. संदेष्टा म्हणाला, तिची श्रद्धा कमी पडली.

म्हणून मी रांगेत आईला चिकटून उभी होते. तिने दोन घास तरी खावेत म्हणून फडक्यात गार न्सिमाचा गोळा घेतला होता. टेबलाजवळ आलो आणि मला वास आला. शाळेचा वास! मागच्या सत्रात गोंद्वे सरांनी कसाव्याच्या कंदाच्या कापावर तपकिरी थेंब टाकले होते. आयोडीन. कापावर काळे डाग पडले होते. "पिठूळ पदार्थ दिसला की हे काळं होतं," असं सर म्हणाले होते.

मिठात पीठ नसतं. गोळीत असतं, बांधून ठेवायला. आणि माझ्या फडक्यात तर पीठच पीठ!

"ए पोरी, बरणीला शिवू नकोस!"

"शिवत नाही हो. देवाचं पाणी आहे ना? न्सिमाला कशाला घाबरेल?"

मी गोळा मिठाच्या बरणीत सोडला. तो बुडता बुडता काळा झाला, आणि भोवती काळे धागे पसरले.

मग मागून एक म्हातारी ओरडली, "म्हणजे मी सत्तर वर्षं थडगं खातेय होय रे? आणि अजून मरत नाही!"

हशा पिकला. संदेष्ट्याने कर्णा उचलला. "चेटूक! या पोरीच्या हातात चेटूक आहे!"

"मग माझा हात नको," मी म्हणाले. "तुमच्या ताटातला घ्या."

मामीने त्याच्यासाठी झाकून ठेवलेलं ताट टेबलाखालीच होतं. शेवटी मामा पुढे झाला. त्याने स्वतःच्या हाताने घास मोडला, दुसऱ्या बरणीत ताजं पाणी ओतून त्यात टाकला, आणि पाणी काळं होताना बघत राहिला. मग इतक्या हळू म्हणाला की मला जेमतेम ऐकू आलं, "एनेलेसला मीच इथे आणली होती."

संदेष्टा मोटारसायकलवर बसून गेला. पोतं राहिलं.

मी नाचायचीच बाकी होते. पण आई म्हणाली, "पाणी खोटं, कबूल. मग तुझे बाबा?"

"सोमवारी सिस्टरला विचारू," मी म्हणाले. आईने त्या दिवसाची गोळी तेवढी घेतली, माझ्याकडे बघत, माझ्यासाठी.

सोमवारी सिस्टर कपाळावर हात मारून म्हणाल्या, "अगं माय, पहिल्या दिवशीच सांगितलं होतं! या गोळ्यांतलं एक औषध डोक्यात चढतं. काही आठवडे भलतीसलती स्वप्नं पडतात, खरी वाटावीत अशी. झोपताना, रिकाम्या पोटी घ्या. नाहीच थांबली तर औषध बदलू. पण मनाने सोडायचं नाही."

"पण मग तेच का येतात?" आईने विचारलं.

"तुम्ही मनात दुसरं कुणाला ठेवलंय?"

आईने डबी पुन्हा लुगड्याच्या गाठीत बांधली.

बाबा पुढेही काही दिवस येत राहिले. एका सकाळी आई न्सिमा घोटताना म्हणाली, "काल त्यांना सांगितलं, मी जेवलेय. तुमचा तुम्ही खा." आणि पातेल्यातला पहिला घास तिने तोंडात टाकला.

कुणी चमत्कार दाखवला तर हात जोडण्याआधी एवढंच करा, त्याच्या बरणीत तुमच्या घरचा घास टाकून बघा. आणि भीती वाटली तर सिस्टरला विचारा. दुसऱ्यांदा विचारा, तिसऱ्यांदा विचारा. विचारल्याने कुणी मरत नाही.

पोतं दवाखान्यात मीच पोचवलं. त्याच्या तळाशी एनेलेस मावशीचं नाव लिहिलेली डबी सापडली, गच्च भरलेली. मी ती कानाशी धरून हलवली. कापूस अजून जागच्या जागी होता. काहीच वाजलं नाही.