आडपडदा

नाटक जुनं इंग्रजी होतं, दोन-अडीचशे वर्षांपूर्वीचं, भाषांतर केलेलं. त्यात बायको नवऱ्याशी खोटं बोलते, पुतण्या काकाशी आणि नोकर सगळ्यांशी. अण्णा त्यातल्या म्हाताऱ्या काकाचं काम करत होते. पुतण्याचं पितळ उघडं पाडायला हा काका खोलीतल्या आडपडद्यामागे लपून बसतो.

तालमीत अण्णा वाक्यं विसरायला लागले. आधी ते हसण्यावारी गेलं. मग एकदा पुतण्या झालेल्या नटाचं नावच आठवेना, तेव्हा मात्र त्यांना घाम फुटला. ते गुपचूप घरच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे जाऊन आले. मेंदूच्या तपासण्या कराव्या लागतील, असं डॉक्टर म्हणाले.

"थकवा आहे, बाकी काही नाही," त्यांनी घरी लेकीला सांगितलं. ती याच नाटकाचे कपडे शिवत होती. तिनं मान डोलावली, पण इतक्या पटकन की अण्णांची धाकधूक उलट वाढली.

एकदा मधल्या सुट्टीत सगळे चहाला खाली गेले. अण्णा आडपडद्यामागच्या स्टुलावरच वाक्यं घोळवत बसले. तेवढ्यात दिग्दर्शिका आणि लेक बोलत आत आल्या.

"दाढीवाल्याला काकाचं काम पाठ झालंय," दिग्दर्शिका म्हणाली. "कोट होईल ना त्याला?"

"बाह्यांची दुमड उसवून ठेवलीय. पण अण्णांना एवढ्यात नका सांगू."

"त्यांना तरी ठाऊक आहे का, काय झालंय ते?"

"आहे. मी डॉक्टरांना फोन केला होता. ते माझ्यापासून लपवतायत, म्हणून मीही काही माहीत नसल्यासारखी वागतेय."

अण्णांना खोकला येऊ पाहत होता, तो त्यांनी रुमालात दाबला. तालमीत रोज मागे बसणारा तो दाढीवाला दिव्यांचं बघायला येतो, असं लेकीनं सांगितलं होतं. आपण ते खरं मानलं. पण रागवायचं कुठल्या तोंडानं? थकव्याची थाप तर आपणच मारली होती. पायाला मुंग्या आल्या, तरी ते हलले नाहीत.

तालीम पुन्हा सुरू झाली. इशारा मिळताच ते बाहेर आले, आणि डोकं कोरं. सगळे थांबले. पुतण्या दबक्या आवाजात वाक्य सुचवत होता. कोपऱ्यात लेक काज करत बसली होती. तिचेही ओठ हलत होते. त्यांचं अख्खं काम तिला पाठ होतं.

"मी इथेच होतो," अण्णा तिच्याकडे बघत म्हणाले. "चहाच्या वेळीसुद्धा."

वाक्य चुकलं, असं पुतण्याला वाटलं. लेकीच्या हातातली सुई थांबली.

तालीम संपल्यावर दोघं घरी निघाली.

"तपासणीला येशील माझ्याबरोबर?" अण्णांनी विचारलं.

"तारीख घेऊन ठेवलीय. तुम्ही कधी सांगताय, याचीच वाट बघत होते."

"मला भीती वाटत होती गं."

"मलाही वाटतेय, अण्णा."

दुसऱ्या दिवशी अण्णांनी स्वतःच दाढीवाल्याला बोलावलं आणि काका कुठे दम घेतो, कुठे दचकतो, ते सगळं करून दाखवलं. दोन ठिकाणी अडले, तिथे "इथे तू पुस्तक बघ" म्हणाले.

पहिल्या प्रयोगाला बाप-लेक प्रेक्षकांत शेजारी बसली. तपासण्यांचे रिपोर्ट अजून यायचे होते. मध्यंतरात लेकीनं विचारलं, "बरं वाटतंय ना?"

"नाही," अण्णा म्हणाले. "छातीत धडधडतंय."

तिनं त्यांचा हात हातात घेतला. तिचाही गार पडला होता.