करून राह्यलो

मित्रांनो, वैनगंगेच्या काठी पालथा पडलेला जुना डोंगा दिसला, तर तो मी आहे असे समजा. एकोणीसशे पन्नास साली मुखरू नावाच्या मासेमाराने आंब्याचे खोड कोरून मला होडीचा आकार दिला. त्याची बायको भागीरथा माझ्या नाकाला कुंकू लावून म्हणाली, "शिवरात्रीले यातच बसून मार्कंड्याले जाऊ." मार्कंड्याचे महादेवाचे देऊळ समोरच्याच काठावर होते. आमच्याकडून कळस दिसे.

पावसाळाभर मी मासळी वाहिली. लोक म्हणत, "डोंगा असावा तर मुखरूभाऊचा!" मग माझ्या बुडाला भेग पडली. मुखरू एकटा काठाकाठाने जाळे टाकी आणि भोपळ्याच्या तुंब्याने आत शिरलेले पाणी उपसे, पण भर पाण्यात दुसरे माणूस नेणे जमेना. भागीरथाने बाजारातून राळ आणून आढ्याला टांगली.

"भेग कवा बुजवता जी?"

"बुजवून राह्यलो ना!"

उन्हाळ्यात तो म्हणे, "ऊन लय हाये, राळ वाहून जाईन." पावसाळ्यात म्हणे, "लाकूड ओलं हाये, राळ धरत नाई." प्रत्येक कारण अर्धे खरे असे, म्हणून त्याला पुरे.

भागीरथा हसे. "तुमी 'राह्यलो' म्हणता, अन् काम तेवढं राहून जाते."

शेजारचा देवाजी म्हणे, "माह्या डोंग्यात चाल, वयनी."

"नाई जी भाऊ. आपल्याच डोंग्यात जाईन."

तीन शिवरात्री तिने इकडूनच हात जोडले. चौथ्या पावसाळ्यात ती हिवतापाने गेली.

तेरवी झाल्यावर मुखरूने राळ खाली काढली. देवाजी म्हणाला, "पाण्यापावसात काऊन? उघाड पडू दे."

मुखरूच्या ओठांवर 'हो' आले होते. मग तो म्हणाला, "हेच म्हणत राह्यलो मी."

दोघांनी मला गोठ्यात ओढले. गोवऱ्यांच्या धगीवर मी दोन दिवस वाळलो. तिसऱ्या दुपारी मुखरूने भेगेत चिंध्या ठोसल्या, वर राळ ओतली. दिवेलागणीच्या आत काम झाले. माझ्या बुडावर हात ठेवून तो बसून राहिला.

"एवढंच होतं वं, भागीरथा," तो म्हणाला.

पुढे दर शिवरात्रीला त्याने गावच्या बाया मार्कंड्याला नेल्या. माझ्या नाकाजवळची जागा मात्र तो रिकामी ठेवी.

मित्रांनो, आता मला राळ नको. तुमच्या तोंडून 'करून राह्यलो' निघाले, की फक्त आपल्या हातांकडे पाहा. ते रिकामे असतील, तर तेव्हाच उठा. काठावर कोणीतरी तुमच्याच डोंग्यासाठी थांबलेले असते.