आधी काय, मग काय

खाणीविरुद्धच्या तक्रारीच्या सुनावणीला पहिल्या दिवशी वाडीतली माणसं कचेरीत एकदमच बोलायला लागली. विहीर आटली, भिंतींना तडे गेले, खाणीत सुरुंग उडतात. कोण काय म्हणतंय ते कळेना. खाणमालकाचा वकील शांतपणे म्हणाला, "साहेब, विहीर आधीच आटली होती. खाण नंतर सुरू झाली."

अधिकाऱ्यांनी पेन खाली ठेवलं. "मला कालक्रम सांगा," ते म्हणाले आणि त्यांनी पुढची तारीख दिली.

सावर्ड्याला आपल्या वाडीत परतताना एसटीत तुळसाने पुतणीला विचारलं, "वेदिका, कालक्रम म्हणजे काय गो?"

"काय आधी घडलं, काय मग घडलं, ते त्याच ओळीने सांगायचं, काकी. ओळ चुकली की कारणच बदलतं. विहीर खाणीआधी आटली असेल, तर खाणीला दोष कसा देणार?"

"मग ओळ लावूया," तुळसा म्हणाली.

दुसऱ्या दिवशी तिने सगळ्यांना घरापुढच्या खळ्यात बसवलं. तारखा कुणालाच आठवत नव्हत्या. पण शिमग्याला पालखी दारात आली तेव्हा तिच्या पुढ्यात घातलेलं पाणी त्याच विहिरीचं होतं, यावर सगळ्यांचं एकमत झालं. शिमगा आटपून वाडीतला विनोद मुंबईला नोकरीवर परत निघाला, तेव्हा खाणीसाठी आणलेलं यंत्र चढणीवर अडकलं होतं आणि त्याची रिक्षा खोळंबली होती. पहिला सुरुंग उडाला तेव्हा शेजारच्या चिमाच्या मांडणीवरची भांडी खाली आली. त्यानंतर विहिरीचा कठडा चिरला, पाणी तांबडं झालं आणि झराच बंद पडला.

"पण पाणी त्याआधीही गढूळ झालं होतं," तुळसाचा थोरला दीर बाबल्या म्हणाला. "संक्रांतीच्या सुमाराला."

"हे तिथे बोलू नका," चिमा म्हणाली.

"बोलायचं," तुळसा म्हणाली. "तेव्हा आपण गाळ काढत होतो, मग पाणी निवळलं. भाऊजी, ते तुम्हीच सांगायचं, आणि सगळ्यांच्या आधी."

सुनावणीला विनोद रजा टाकून आला. तुळसाने माणसं ओळीने बसवली. बाबल्याचं बोलणं चालू असतानाच चिमा उठायला लागली, तर तुळसाने तिचा पदर ओढला. "थांब गो, तुझा सुरुंग अजून उडायचा आहे."

"म्हणजे पाणी आधीपासून खराब होतं?" वकिलाने बाबल्याला विचारलं.

"गाळ काढताना होतं. मग निवळलं. पालखीला तेच घातलं."

चिमाची पाळी आली तेव्हा वकील म्हणाला, "तारीख सांगा."

"तारीख नाय माहीत. यंत्र आलं त्याच्या नंतर, कठडा चिरला त्याच्या आधी." तीनदा विचारलं, तरी चिमा तेवढंच म्हणाली.

अधिकाऱ्यांनी सगळं लिहून घेतलं आणि यंत्र कधी आणलं त्याचे कागद मागवले. ते शिमग्यानंतरचे निघाले. विहिरीची तपासणी होईपर्यंत सुरुंग बंद ठेवायचा आदेश झाला.

बाहेर आल्यावर बाबल्याने विचारलं, "आता पाणी येईल काय?"

"ते मला सांगता येणार नाही," तुळसा म्हणाली. "पण तपासणीवाले येईपर्यंत कठड्याला कुणी हात लावायचा नाही. आहे तसाच त्यांना दाखवायचा."

आणि ती एसटी स्टँडच्या दिशेने चालू लागली.