छत्रीचा पिक्चर

मखमलाबादच्या सावळीराम विधात्यांना, म्हणजे घरच्यांच्या आबांना, इंग्रजीचं अक्षर येत नाही, तरी त्यांनी आयुष्यात जेवढे इंग्रजी पिक्चर पाहिले तेवढे नाशकातल्या एखाद्या प्रोफेसरानंही पाहिले नसतील. तेही सगळे काळे-पांढरे. रंगीत पिक्चरला आबा पिक्चर मानत नाहीत. रंग आला की माणूस कपडे बघतो, तोंड बघत नाही, असं त्यांचं म्हणणं. जन्मभर फुलं पिकवलेल्या माणसानं असं म्हणावं याचं घरात सगळ्यांना हसू येतं.

हा नाद लागला देवळालीच्या लष्करी कॅम्पात. तरुणपणी दर शनिवारी सायकलला शेवंतीच्या आणि गुलाबाच्या टोपल्या बांधून ते कॅम्पात जायचे. साहेबांच्या मेसमध्ये टेबलावर फुलं लागत. मेसच्या हवालदाराला घरी न्यायला एक गुच्छ जास्तीचा दिला, की तो दुपारच्या खेळाला मागच्या भिंतीशी उभं राहू द्यायचा. पिक्चर जुनेपुराणे, त्यातले नट साहेबाच्या देशात कधीच म्हातारे होऊन गेलेले. पण हे आबांना कोण सांगणार? त्यांच्यासाठी सगळे तरणेताठे होते, आणि अजूनही आहेत.

नटनट्यांची नावं पडद्यावर यायची ती इंग्रजीत, म्हणून आबांनी स्वतःच सगळ्यांचं बारसं केलं. कपाळावर टोपी ओढून सिगारेट ओढणारा तो टोपीकर. एक भुवई वर चढवून बोलणारी ती उभी भुवई. जिचे केस पडद्यावर पांढरेशुभ्र दिसायचे ती चांदीबाई. एवढ्या तरण्या बाईचे केस पिकले कसे, हे कोडं त्यांना बरीच वर्षं सुटलं नव्हतं. शेवटी तिला लहानपणी मोठा ताप आला होता असं त्यांनी ठरवून टाकलं.

एक घोटाळा मात्र मुळातच होता. नट वेगळा आणि त्यानं वठवलेला माणूस वेगळा, हे आबांनी कधी मान्य केलं नाही. त्यांच्या लेखी टोपीकर हा एकच इसम, आणि सगळे पिक्चर म्हणजे त्याचीच लांबलचक हकीगत. एकात तो पोलीस, दुसऱ्यात चोर, तिसऱ्यात वकील. नोकऱ्या धरतो, सोडतो, चालायचंच. घरी आल्यावर ते बायकोला, नवसाबाईंना, पिक्चर सांगायचे तेव्हा त्या मेथी निवडता निवडता मध्येच विचारायच्या, "मागल्या खेपेला तर मेला ना हा?"

"ते पुढचं हाय. हे त्याच्या आधीचं."

"आणि ती तेव्हाची बायको?"

"ती हिच्यानंतर करतो."

नवसाबाई मान डोलवायच्या आणि मेथी निवडून व्हायची.

सांगायचा हा नेम सुरू झाला तो एका छत्रीमुळे. ही गोष्ट घरात सगळ्यांना पाठ आहे. लग्नाला तीन वर्षं झाली होती. पहाटे चारला उठून फुलं खुडायची, मग स्वयंपाक, मग पुन्हा मळा. सासूच्या तोंडाचा पट्टा अखंड चालू आणि नवऱ्याच्या तोंडाला कुलूप. श्रावणात नवसाबाई माहेरी इगतपुरीला गेल्या आणि परत यायचं नाव काढीनात. वडील रेल्वेत गँगमन. सातवी पास झालेल्या लेकीसाठी त्यांनी कल्याणच्या रेल्वे दवाखान्यात आयाची जागा पाहून ठेवली. सोमवारी तिनं गाडीत बसायचं ठरलं. तसा निरोपही मखमलाबादला येऊन पोचला.

शनिवारी आबांनी कॅम्पात चांदीबाईचा पिक्चर पाहिला. रविवारी नवसाबाईंची घरी राहिलेली छत्री घेऊन ते पॅसेंजरनं इगतपुरीला गेले. तिथला पाऊस म्हणजे आभाळच फाटलेलं. आबा क्वार्टरच्या दारात उभे राहिले ते नखशिखान्त भिजलेले, आणि हातात मिटलेली छत्री. बायकोची छत्री आपण कशी उघडायची, असं त्यांना वाटलं होतं. मग पडवीत बसून, तीन वर्षांत पहिल्यांदा, ते बायकोशी तासभर बोलले. बोलले म्हणजे काय, पिक्चर सांगितला.

टोपीकराचं पावाचं दुकान असतं. चांदीबाई त्याची बायको. घरात दोघांचं बोलणं नाही. ती दूरच्या शहरात मास्तरीण व्हायला निघते, गाडीत बसते. हा तिची विसरलेली छत्री घेऊन धावत येतो आणि खिडकीतून आत देतो. ती छत्री घेते, त्याच्याकडं बघते आणि गाडीतून खाली उतरते.

"खरंच उतरली?" नवसाबाईंनी एवढंच विचारलं.

"उतरली."

साहेबाच्या देशातली, टोपी घालणारी, फाडफाड इंग्रजी बोलणारी बाई, तीसुद्धा उतरते. मग गँगमनच्या लेकीनं कशाचा ताठा करायचा? सोमवारी नवसाबाई गाडीत बसल्या, पण कल्याणच्या उलट दिशेला. तेव्हापासून आबा दर रविवारी त्यांना एक पिक्चर सांगत आले. कॅम्पात जाणं सुटलं, मेसवाल्यांना फुलं दुसरीकडून येऊ लागली, तरी आबांकडचे पिक्चर संपले नाहीत. न पाहिलेलेही ते सांगत असत, हे उघड आहे.

तर मुद्दा असा, की चांदीबाई उतरली नव्हती.

हे सगळ्या घरात एकट्या आबांना ठाऊक होतं. बाकीचे पिक्चर त्यांना कळले नव्हते म्हणून त्यांनी चुकीचे सांगितले. हा कळला होता म्हणून चुकीचा सांगितला. गाडी निघून गेली आणि टोपीकर फलाटावर उभा राहिला, हे समजायला इंग्रजी लागत नाही.

पंचेचाळीस वर्षं ही थाप सुखानं नांदली. घात केला नातीनं. तेजल म्हणजे मुलाची, सोमनाथची मुलगी. पुण्याच्या कुठल्याशा कंपनीचं काम ती मळ्यातल्या घरी बसूनच करते. मळा म्हणजे आता बारा वाफे शेवंती, बाकी सगळीकडं इमारती. दोन वर्षांपूर्वी घरात मोठा टीव्ही आला आणि इंटरनेटवर जुने पिक्चर सापडतात हे तेजलनं आबांना दाखवलं. तेव्हापासून दर रविवारी चार वाजता आबा-आजींचा खेळ असतो. आबा आवाज बंद करायला लावतात. आवाजानं गोष्ट बिघडते, असं ते म्हणतात. मग टोपीकर तोंड हलवतो आणि बोलतात आबा.

एका सोमवारी जेवताना तेजल म्हणाली, "आजी, तुमचा छत्रीचा पिक्चर सापडला. पाववाला, स्टेशन, छत्री, सगळं जुळतंय. खाली मराठीत लिहिलेलंही येतं. रविवारी बघू."

आबांचा घास हातातच राहिला. "तो नसंल," ते म्हणाले. "छत्रीचे लय पिक्चर हायेत."

"बघू तर खरं," नवसाबाई म्हणाल्या. त्यांचा चेहरा एवढा खुलला की आबांना पुढं काही बोलता येईना.

तो आठवडा आबांना गोड लागला नाही. मंगळवारी त्यांनी टीव्हीमुळे डोळ्यांवर ताण येतो असं जाहीर केलं. गुरुवारी रविवारचं विंचूरला मेहुण्याकडं जायचं काढलं, पण मेहुणाच शनिवारी नाशकात येऊन भेटून गेला. रविवारी सकाळी त्यांनी इंटरनेटच्या डबीची वायर हळूच उपटली. पाच मिनिटांत तेजलचं काम अडलं, तिनं येऊन वायर परत खोचली आणि म्हणाली, "उंदीर झालेत वाटतं." आबा हो म्हणाले. चोराच्या मनात चांदणं म्हणतात तसं झालं होतं त्यांचं. आपल्याला ही एवढी भीती कशाची, हे त्यांनी स्वतःला विचारून पाहिलं. सत्तरीची बायको आता उठून कुठं जाणार होती? पण भीती वाटत होती, आणि ती जात नव्हती.

चार वाजले. पिक्चर तोच होता. पहिल्याच चित्रात पावाचं दुकान आलं आणि टोपीकर पिठाच्या हातानं टोपी सारखी करताना दिसला.

"आवाज बंद कर," आबा म्हणाले, "आणि ती अक्षरं काढ. मी सांगतो."

"राहू दे अक्षरं," नवसाबाई म्हणाल्या. त्यांनी चष्मा लावला. "आज मी वाचून सांगते. तुम्ही ऐका."

आबा चौथीत शाळा सुटलेले. अक्षरं पळू लागली की त्यांना धरता येत नाहीत. नवसाबाई मात्र वर्गात उभं राहून धडा वाचावा तशा वाचू लागल्या, एकेक शब्द सुटा करून. संगणकानं केलेलं मराठी काही ठिकाणी विचित्र होतं, तिथं त्या स्वतःच नीट करून घेत. थोड्याच वेळात कळलं की आबा ज्याला चांदीबाईचा भाऊ म्हणत आले तो शाळेचा हेडमास्तर आहे, आणि उभी भुवई ही तिची सवत नसून शेजारीण आहे. तेजल हसली. नवसाबाईंनी फक्त आबांकडं एकदा पाहिलं आणि पुढं वाचायला घेतलं.

मग चांदीबाई सामान बांधू लागली. टोपीकर दारात उभा. ती काय बोलली ते नवसाबाईंनी वाचलं: "तू माझ्याशी वाईट वागला नाहीस. तू माझ्याशी बोललाच नाहीस."

त्या थांबल्या नाहीत. वाचत राहिल्या.

स्टेशन आलं. धूर, पाऊस, हमाल. टोपीकर छत्री घेऊन धावत आला आणि त्यानं ती खिडकीतून आत दिली. चांदीबाईनं घेतली. तिचा चेहरा सगळ्या पडद्यावर भरला, आणि त्या चेहऱ्यात रंग नव्हता तरी ती किती वेळ रडत होती हे दिसत होतं.

"छत्रीबद्दल आभार," नवसाबाईंनी वाचलं. "आता घरी जा. भिजशील."

गाडी हलली. डबे एकेक करून सरकत गेले. टोपीकर फलाटावर उभा राहिला आणि पडद्यावर इंग्रजी अक्षरं आली, ज्यांचं मराठी कुणी केलं नव्हतं.

"गेली की ही," नवसाबाई म्हणाल्या.

आबांनी घाईनं टीव्ही बंद केला.

"तुम्ही तर म्हणला होता, उतरली."

तेजल हसत म्हणाली, "अगं आजी, आबांना इंग्रजी कुठं येत होतं? त्यांना कळलंच नसणार. हो ना, आबा?"

पळवाट आयती समोर आली होती. नुसतं 'हो' म्हटलं असतं तर चहा झाला असता आणि विषय मिटला असता. आबांनी तोंड उघडलंही. पण समोर नवसाबाई चष्मा काढून पदरानं पुसत होत्या, आणि त्यांच्याकडं बघून आबांना ते जमेना.

"कळलं होतं," ते म्हणाले. "गाडी जाताना पाहिली होती मी."

तेजलचं हसू विरलं. ती एकदा आबांकडं, एकदा आजीकडं बघत राहिली. बाहेर सोसायटीच्या गेटवर कुणीतरी हॉर्न वाजवत होतं.

नवसाबाईंनी चष्मा पुसून पुन्हा डोळ्यांवर लावला. "पुढं?" त्या म्हणाल्या.

"पुढं काय? संपला."

"त्यांचा संपला. तुमचा कधी संपतो? सांगा, कुठं गेली ती."

आबांना जरा हायसं वाटलं. सांगणं त्यांच्या हातचं होतं. ते मांडी घालून नीट बसले. "ती बसली खिडकीपाशी," ते सुरू झाले. "पुढचं ठेसन आलं. तिनं छत्री बघितली, तिला आठवण झाली, म्हणली आता..."

"परत आणू नका तिला."

आवाजात राग नव्हता. मीठ कमी पडलंय असं सांगावं तसं त्या म्हणाल्या.

आबा अडखळले. आजवर सांगितलेल्या प्रत्येक पिक्चरमध्ये बाई शेवटी घरी आली होती. कुणी विहिरीवरून आली, कुणी लढाईवरून, पण आली. "मग कुठं नेऊ?" त्यांनी विचारलं.

"कल्याणला न्या."

 आबांनी चांदीबाईला कसारा घाटातून खाली उतरवलं, बोगदे मोजत मोजत कल्याणला नेलं. स्टेशनवर हमालाला पत्ता विचारला. दवाखाना मोठा, फरशी धुतलेली, औषधाचा वास. आबांनी स्वतः तिथं कधी पाऊल टाकलं नव्हतं, त्यामुळे ते जपून बोलत होते. "मोठ्या बाईनं तिला कामावर घेतलं," ते म्हणाले. "दुसऱ्या दिवशी सकाळी ती पांढरीशुभ्र साडी नेसून..."

"निळ्या काठाची," नवसाबाई म्हणाल्या.

"आँ?"

"साडी. पांढरी, निळ्या काठाची. आमच्या बाबांनी आणून ठेवली होती. त्या रविवारी सकाळी मी एकदा नेसून बघितली होती."

आबांना हे ठाऊक नव्हतं. ते पोचले तेव्हा ती साडी घडी होऊन ठेवलेली असणार. त्यांनी बायकोकडं पाहिलं. त्या बंद टीव्हीकडं बघत होत्या आणि पुढची गोष्ट ऐकायला थांबल्या होत्या.

"निळ्या काठाची," आबा म्हणाले, आणि सांगू लागले.