घड्याळाकडे बघून चाला

मित्रांनो, तुम्ही दिवसभर चालता, पण चालणे ही किती अचाट गोष्ट आहे हे तुम्हाला कधी कुणी सांगितले नसेल. मी सांगते. मला तो अधिकार आहे, कारण माझे सगळे आयुष्य तुमच्या पायाखाली गेले आहे.

मी एक जुनी फोर्स प्लेट आहे. म्हणजे काय, तर जमिनीत बसवलेली धातूची एक जाड पाटी. माझ्यावर कुणी पाऊल टाकले की ते किती जोराने पडले, कसे टेकले आणि कसे उचलले गेले, हे सगळे मला कळते. मग ते तारेतून पुढे जाते आणि पडद्यावर एक रेष उमटते. माझ्यापासून एका पावलावर माझी जुळी बहीण बसवलेली आहे. चालणाऱ्याचा डावा पाय माझ्यावर पडतो आणि उजवा तिच्यावर. कारखान्यात एका चष्मेवाल्या कारागीर बाईंनी आमच्या चारही कोपऱ्यांखाली नाजूक भाग बसवले होते. आमच्यावर वजने ठेवून ठेवून त्यांनी आमचा जीव नकोसा केला, आणि शेवटी म्हणाल्या, "जा आता. या पोरी खोटं बोलायच्या नाहीत." त्यांचा शब्द मी आजवर खाली पडू दिलेला नाही.

तिथून आम्ही एका विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत आलो. तिथे एक जोडपदवी शिकवत. सकाळी वरच्या मजल्यावर धंदा शिकायचा, म्हणजे बाजारपेठ, नफा-तोटा, जाहिरात. दुपारी खाली येऊन खेळाचे शास्त्र शिकायचे, म्हणजे हाडे, स्नायू, धाप आणि घाम. मुले जिना उतरून आमच्याकडे येत तेव्हा निम्मी जांभया देत असत. माझ्यावर उडी मारायला सांगितले की त्यांची झोप पळत असे.

आणि काय सांगू मित्रांनो, त्या उड्या! उडी मारण्याआधी माणूस जरा खाली वाकतो. त्या वेळी माझ्यावरचे वजन क्षणभर हलके होते. मग तो मला असा काही रेटा देतो की मी आतून हादरते. आणि मग काहीच नसते. ना टाच, ना बोट. एवढे हाडामांसाचे माणूस हवेत असते आणि मी रिकामी खाली पडून वाट बघत असते. हजारो उड्या झाल्या, तरी त्या रिकाम्या क्षणाला माझी छाती दडपते.

पण खरे नवल चालण्याचे. एक पाय पुढे टाकताना माणूस चक्क पडत असतो. पडता पडता तो पाय टेकतो आणि स्वतःला सावरतो, आणि लगेच पुन्हा पडायला निघतो. गप्पा मारत, शिट्टी वाजवत, खिशात हात घालून माणसे दिवसभर हा पराक्रम करतात, आणि वर म्हणतात, "आज काहीच केलं नाही." चांगल्या पावलाची रेष दोन टेकड्यांसारखी येते आणि मध्ये एक छोटी दरी असते. तशा मी किती पाहिल्या, पण एकाची दुसऱ्याला मिळाली नाही.

आमच्या मॅडम, म्हणजे खेळाचे शास्त्र शिकवणाऱ्या प्राध्यापिका, पहिल्याच तासाला एक नियम सांगत. "पाटी कुठे आहे ते चालणाऱ्याला दाखवायचं नाही. दाखवली की माणूस नाटक करतो. समोरच्या भिंतीवरचं घड्याळ दाखवा आणि म्हणा, घड्याळाकडे बघून चाला." म्हणूनच आम्हा बहिणींना फरशीचाच रंग दिलेला होता. आमच्याकडे कुणी बघायचे नाही, हाच आमचा मान.

त्या वर्गात एक मुलगी होती. शाळेपासून फुटबॉलच्या संघाची कप्तान, म्हणून सगळे तिला कप्तानच म्हणत. आईवडील लहानपणी गेले, तेव्हापासून तिला मामाने वाढवले होते. मामा इमारतींना रंग देणारा रंगारी होता. खेळाने पोट भरत नाही, असे त्याचे म्हणणे. नुसत्या धंद्यात माझा जीव रमणार नाही, असे तिचे. शेवटी तिने ही जोडपदवी शोधून काढली, तेव्हा मामा म्हणाला होता, "दोन दगडांवर पाय ठेवतेस, बघ हं." हे ती सगळ्यांना त्याच्या आवाजात करून दाखवायची आणि स्वतःच आधी हसायची.

शेवटच्या वर्षी प्रत्येकाला एक धंदा कागदावर उभा करायचा होता, आणि तोही खेळाच्या शास्त्रावर. कप्तानने चाल तपासण्याचे केंद्र काढायचे ठरवले. लोकांना चालवायचे, आमच्या रेषा बघायच्या आणि दुखणे वाढायच्या आत सांगायचे. धंदा शिकवणारे सर तिला प्रत्येक वेळी एकच प्रश्न विचारत. "सगळं छान आहे. पण तुमचा गिऱ्हाईक कोण?"

"खेळाडू, सर. मोठ्या संघांतले."

"त्यांच्याकडे त्यांची माणसं आहेत. ते तुमच्याकडे कशाला येतील?"

मग कप्तानचा चेहरा पडायचा आणि ती माझ्यावरून पाय आपटत जायची. तळपायाची आग मस्तकात जाते म्हणतात, ती आधी माझ्यातून जाते.

एका दुपारी ती मामाला घेऊन आली. मॅडम नव्हत्या. आपण काय शिकतो ते मामाला दाखवायची तिला कोण हौस! त्या हौसेत तिने करू नये तेच केले. वाकून माझ्यावर थाप मारली आणि म्हणाली, "मामा, हीच ती. आणि ही दुसरी. यांच्यावर बरोब्बर पाय टाक."

"म्हणजे वजनकाटाच की," मामा म्हणाला. मग त्याने छाती काढली, माझ्याकडे रोखून बघितले आणि परेडला निघावा तसा आला. मित्रांनो, तो पाय खोटा नव्हता, पण त्याचाही नव्हता. माझ्यावर टेकताना त्याची सगळी बोटे बुटात आखडली होती. आत कुठेतरी कळ आली होती आणि त्याने ती दात खाऊन दाबली होती. पडद्यावर मात्र दोन सुरेख टेकड्या उमटल्या. जे वजन पडले, तेच मी सांगितले. दात खाल्लेले मला मोजता येत नाही.

कप्तान तर हरखून गेली. तिने ती रेष मोठी छापून घेतली, खाली 'निरोगी चाल' असे लिहिले आणि पडद्याशेजारी भिंतीवर लावली. मामा रोज शिडीवर चढतो हे मला ठाऊक होते. असा पाय घेऊन तो दोन-तीन मजले वर उभा राहतो, या विचाराने माझा जीव टांगणीला लागला. पण पाटीला तोंड कुठे असते?

परीक्षेचा दिवस आला. आमच्याच खोलीत खुर्च्या मांडल्या होत्या. सर आणि मॅडम पुढे बसले. एका धावपटू मुलाला चालवून दाखवायचे होते, म्हणून आम्ही दोघी सुरू होतो. कप्तान उभी राहिली आणि बोलू लागली. आवाज स्वच्छ होता.

तेवढ्यात बाजूचे दार हळूच उघडले. मामा कामावरून तसाच आला होता, कपड्यांवर पांढऱ्या रंगाचे शिंतोडे. मागच्या खुर्च्यांकडे जायची वाट आमच्यावरूनच होती. तो पाटी, मशीन, सगळे विसरला होता. त्याची नजर फक्त कप्तानवर होती. आपली भाची एवढ्या शिकलेल्या माणसांपुढे उभी राहून बोलते आहे, हे बघत बघत तो चालला. घड्याळाची गरजच पडली नाही.

तेव्हा मला त्याचा पाय पहिल्यांदा भेटला. पाऊल कसले, नुसते टेकल्यासारखे केले आणि उचलले. सगळा भार पुढे माझ्या बहिणीवर धाडकन पडला. एवढे दुखणे घेऊन हा माणूस रोज भिंती रंगवत होता! मी खूप पाय पाहिले, मित्रांनो, पण त्या दिवशी मला माणसापुढे हात जोडावेसे वाटले.

पडद्यावर दोन रेषा आल्या. उजवी उंच. डावी बुटकी आणि सपाट.

"ही कुणाची चाल?" सरांनी विचारले.

कप्तानने पडद्याकडे बघितले, भिंतीवरच्या छापील रेषेकडे बघितले, आणि मग मागे बसत असलेल्या मामाकडे.

मामा घाईने म्हणाला, "मशीन बिघडलं असेल."

आयुष्यात पहिल्यांदा माझ्यावर असा आळ आला. पण मला राग आला नाही.

"मशीन बरोबर आहे, मामा," कप्तान म्हणाली. आपले भाषण तिथेच सोडून ती मागे गेली आणि त्याच्या पायाशी बसली. "कधीपासून दुखतंय?"

"दुखतंय कुठे, जरा आपलं..."

"मामा."

"झालं असेल वर्ष."

"आणि शिडीवर?"

"उजव्या पायाने चढतो. डावा नुसता मागून येतो." मग तो खालच्या आवाजात म्हणाला, "तुझं शिक्षण होईपर्यंत काढू म्हटलं. एकदा खाली उतरलो की परत मला कोण वर चढवणार?"

कप्तानने डोळे पुसले नाहीत. तशीच उठली आणि पुढे आली. "सर, तुम्ही विचारत होता ना, माझा गिऱ्हाईक कोण? मी इतके दिवस चुकीचं सांगत होते. तो आत्ता आत आला. आणि सर, मला आज पुढचं बोलता येणार नाही. मला याला डॉक्टरकडे न्यायचंय."

सर उभे राहिले. वर्षभर प्रश्न विचारून तिला भंडावणारा तो माणूस एवढेच म्हणाला, "जा. उरलेलं नंतर ऐकू."

डॉक्टरांनी सांगितले की डाव्या खुब्याच्या सांध्याची झीज झाली आहे आणि आता शिडी नको. पुढे शस्त्रक्रियाही झाली. मामा एका रंगाच्या दुकानात रंग मिसळून द्यायला लागला. आणि कप्तान पुन्हा आमच्या खोलीत आली ती नवा विचार घेऊन. दिवसभर उभे राहणारे, चढणारे, ओझी वाहणारे लोक, आणि त्यांचे पाय शाबूत राहण्यात ज्यांचा फायदा आहे ते त्यांचे मालक, हेच आता तिचे गिऱ्हाईक. वरच्या मजल्यावरचे आणि खालच्या मजल्यावरचे शिक्षण त्या दिवशी मला पहिल्यांदा एकाच पावलात जाणवले. ती उत्तीर्ण झाली. तिच्या केंद्रात आज रंगारी येतात, वाढपी येतात, परिचारिका येतात.

आता आमची खोली बंद पडली आहे. नव्या इमारतीत नव्या पाट्या आल्या, आमच्या तारा कापल्या, अंगावर खोकी रचली. तक्रार नाही. पण मित्रांनो, मला जे तारेशिवाय जमत नाही, ते तुम्हाला जमते. तुमच्या घरात 'मला काही होत नाही' म्हणणारे कुणीतरी असेल. ते तुमच्याकडे बघत असताना त्याची चाल बघू नका. पाठमोरे जात असेल तेव्हा बघा.

परवा कप्तान आम्हाला शेवटचे बघायला आली होती. बरोबर मामा होता. तिने खोकी सरकवली आणि माझ्यावरची धूळ झटकली.

"चालून दाखवू का?" मामाने विचारले. "पण घड्याळ तर काढून नेलंय. बघू कुठे?"

ती पलीकडच्या भिंतीशी जाऊन उभी राहिली. "माझ्याकडे बघ."

तो चालत गेला. माझ्यावर एक पाऊल पडले, बहिणीवर दुसरे. दोन्ही सारखीच भक्कम होती. तार तुटलेली असल्यामुळे पडद्यावर काही उमटले नाही आणि त्या दोघांना ते कळले नाही. म्हणून तुम्हाला सांगितले.